‘गाणी भरून मिळतील’ : नवी पेठेतल्या एका दुकानाबद्दल

सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या बोळात शिरलात की आधी पाटी बघा. पत्र्याची आहे, आतापर्यंत तीनदा रंगवलेली, पण रंगारी कंजूष असावा, कारण खालचं सगळं वरून दिसतं. तळाला उन्हानं उडालेली पिवळी अक्षरं : ‘पसंतीची गाणी भरून मिळतील’. त्यावर निळ्यात ‘सीडी, एमपीथ्री, मेमरी कार्ड’. आणि त्या दोन्हींवर तिरका ठोकलेला फ्लेक्सचा तुकडा : ‘तुमचे गाणे जगभर टाकून मिळेल. हिशोब तुमच्या नावावर.’

मी हिशोबाचा माणूस. शेवटचे तीन शब्द वाचूनच आत गेलो.

दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, मालक अण्णांनीच नको सांगितलं. ‘नाव टाकलात तर उद्या निम्मं सोलापूर रील घेऊन दारात उभं राहतंय. माझी लेक जेवणार कधी मग?’ अण्णा पासष्टीचे, पूर्व भागातले. मुलीशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि कॉम्प्युटरशी बोलतच नाहीत. तो विभाग लेकीचा. आत जेमतेम तीन माणसं मावतात. चौथा आला की एकानं पायरीवर उभं राहायचं आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या शिव्या खायच्या.

माझं म्हणाल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट बघतो. दिवसा टॅली, रात्री की-बोर्ड. १९९४ पासून ऑर्केस्ट्रात वाजवतोय : हळदी, बारशी, गणपती, बँकांची स्नेहसंमेलनं, सासऱ्यांची एकसष्टी (फुकट). आता आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. गायिका पतसंस्थेत कॅशियर, ढोलकीवाला रिक्षा चालवतो, हलगीवाला मिळेल ते काम करतो, गाणी लिहिणारे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. दुसऱ्यांची गाणी तीस वर्षं वाजवली. स्वतःची अकरा आहेत. त्या अकरांचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन या दुकानात गेलो होतो.

त्याआधी दोनदा हात पोळलेत, ते सांगितल्याशिवाय दुकानाचं मोल कळायचं नाही.

पहिल्यांदा १९९८ साली. आठ भजनांची कॅसेट. रेकॉर्डिंगचा खर्च आम्हीच केला आणि मास्टर एका कॅसेट कंपनीला दिली. त्यांनी तीन हजार रुपये रोख, वीस कॅसेट फुकट आणि सही करायला एक कागद दिला. कागद इंग्रजीत, आम्ही चोविशीतले, कव्हरवर आमचा फोटो येणार होता. सही ठोकली. त्या कागदाची झेरॉक्ससुद्धा काढली नाही, आणि आज मी दहा रुपयांच्या व्हाउचरची झेरॉक्स मागतो. कॅसेट एसटी स्टँडवर विकायला होती एवढं डोळ्यांनी बघितलं. किती गेल्या, देव जाणे.

दुसऱ्यांदा २०२१ मध्ये. तोवर कंपन्या गेल्या आणि ‘चॅनेल’ आले. एका बाहेरगावच्या चॅनेलवाल्याला आमचं हळदीचं गाणं आवडलं. ‘आमचे सबस्क्रायबर लाखांत आहेत, तुम्हाला फेम मिळेल,’ म्हणाला. रोख नाही, कागद नाही, सगळं व्हॉट्सअॅपवर. गाणं चाललं. लग्नात लोक आम्हालाच ते वाजवायला सांगायचे आणि ते आमचं आहे हे त्यांना माहीत नसायचं, कारण चॅनेलवर खाली नाव होतं चॅनेलचं. मग २०२३ च्या गणपतीत एका मंडळासमोर आम्ही तेच गाणं वाजवलं, भाच्यानं मोबाइलवर शूट करून आमच्या ग्रुपच्या चॅनेलवर टाकलं, आणि रात्री यूट्यूबचा निरोप आला : या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आहे.

दुसऱ्याच्या. पाच जणांनी पाच वेळा वाचलं. गुरुजींनी चष्मा पुसून सहाव्यांदा वाचलं.

हे यंत्र असं चालतं, हे मला अण्णांच्या लेकीनं सांगितलं. यूट्यूबकडे २००७ पासून कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. गाण्याचा ठसा एकदा तिथं कुणी आपल्या नावानं जमा केला की पुढं जिथं जिथं तो सूर सापडेल तिथं तिथं दावा आपोआप लागतो. यंत्राला गाणं कुणी रचलं हे कळत नाही, आधी ठसा कुणी दिला एवढंच कळतं. चॅनेलवाल्यानं ठसा देऊन ठेवला होता, आणि आमच्याच हातांनी वाजवलेलं त्या यंत्राला चोरीचं वाटलं.

त्या दिवशी दुकानात मी बराच आवाज चढवला, ते आता आठवलं की लाज वाटते. मुलगी शांत. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिनं विचारलं, ‘काका, तुम्ही हक्क लिहून दिलेत का त्यांना? सही केलीत का कुठं?’ म्हटलं, नाही, नुसतं तोंडी. ‘मग बरं केलंत,’ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कागद न करण्याबद्दल मला कुणीतरी शाबासकी दिली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ असं आहे की हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हायला लागतं. तोंडी फेमला किंमत नाही. तिनं तिथंच यूट्यूबवर हरकत नोंदवली. चार ओळी : गाणं कुणी लिहिलं, चाल कुणी लावली, कुठल्या महिन्यात रेकॉर्ड झालं, हक्क कुणालाही लिहून दिलेले नाहीत. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. नाही दिलं तर दावा आपोआप सुटतो. मी ऑफिसच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं रोज एक फुली मारत होतो. उत्तर आलंच नाही. तिसाव्या दिवशी दावा सुटला.

या कामाचे तिनं दोनशे रुपये घेतले. मी पाचशे पुढं केले तर अण्णा म्हणाले, ‘राहू द्या. गाणं घेऊन या.’

त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे, ती घरी जाऊन मीच शोधली, सवय. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणजे १९९८ च्या त्या कागदात मुदत नसेल तर भजनं २००३ सालीच आमच्याकडे परत आली. आणि कायमचे हक्क लिहून घेतले असतील तर? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे २०५८ संपेपर्यंत. मी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा असेन, की-बोर्ड उचलायला माणूस लागेल. यातलं खरं काय, ते त्या कागदात आहे, आणि कागद माझ्याकडे नाही.

आता मुख्य काम. आमचं गड्ड्याचं गाणं.

बाहेरच्या वाचकांसाठी : जानेवारीत संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम होतो, आणि महिनाभर पाळणे, भेळ, मौत का कुआँ. गुरुजींनी नंदीध्वज पेलणाऱ्याच्या तोंडी एक गाणं लिहिलं होतं, खांद्यावरच्या वजनाचं. मी चाल बांधली. २०२४ चा गड्डा तोंडावर होता. मी दोन जानेवारीला दुकानात पोचलो आणि फोन काढून म्हटलं, ‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो, टाकून दे.’

‘व्हॉट्सअॅपवर नको काका. पेन ड्राइव्ह आणा.’

‘गाणं तेच की गं.’

‘तेच नसतंय. व्हॉट्सअॅपनं त्याची चटणी होते.’

शेंगाचटणीच्या गावात जास्त समजावून सांगावं लागलं नाही. वेव्ह फाइल लागते, निदान सीडीच्या दर्जाची. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून हाफ डे काढून स्टुडिओत गेलो, फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेतली, परत आलो. मग मुखपृष्ठ, म्हणजे ॲपवर गाण्याबरोबर दिसणारं चित्र. आमच्याकडे तयार होतं : नंदीध्वजाचा फोटो, ग्रुपचं नाव आणि खाली ठळक ‘बुकिंगसाठी संपर्क’ आणि दोन मोबाइल नंबर. मुलीनं बघितलं आणि हसली. मुखपृष्ठ चौकोनीच पाहिजे, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल, आणि त्यावर फोन नंबर, यूट्यूबचा शिक्का, ‘ऐका फक्त अमुक ठिकाणी’ असलं काही चालत नाही, दुकानं परत पाठवतात. दुकानं म्हणजे स्पॉटिफाय, ॲपल, जिओसावन वगैरे गाणी ऐकायची ॲप. ती त्यांना दुकानंच म्हणते. ऑर्केस्ट्रावाल्याला मुखपृष्ठावरून नंबर काढा म्हणणं म्हणजे टांगेवाल्याला घोडा सोडा म्हणण्यासारखं आहे. पण काढला.

आणि मग फॉर्म. हा फॉर्म भरताना मी जे बघितलं त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

तीन तास लागले. तिचं मराठी टायपिंग झकास आहे, वेळ टायपिंगला लागला नाही. वेळ लागला नावांना. गीतकाराचं नाव? मी गुरुजींचं टोपणनाव सांगितलं, जे गावाला माहीत आहे. ‘आधारवरचं सांगा. पैसे टोपणनावाला मिळत नाहीत.’ गुरुजींना फोन. त्यांचं आधारवरचं नाव मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं! संगीतकार मी. गायिकेचं लग्नाआधीचं नाव की नंतरचं? तिला फोन. ती कॅश काउंटरवर, कुजबुजत म्हणाली, आधीचं. मुखड्यात ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर आहे, तो कुणाचा? ‘तो सगळ्यांचा,’ मी म्हटलं. ‘मग पारंपरिक लिहू. आणि तेवढ्या भागावर दावा लावायचा नाही. उद्या यात्रेतला कुणी गजराचा व्हिडिओ टाकेल आणि तुमच्या नावानं त्याला नोटीस जाईल.’ चार महिन्यांपूर्वी मी स्वतः त्या जागी होतो. गप्प बसलो.

मग तिनं हेडफोन लावून गाणं ऐकलं आणि थांबवलं. ‘हलगी खरी आहे की लूप?’

पहिल्या कडव्यात खरी, दुसऱ्यात मी की-बोर्डमधली तयार हलगी लावली होती, कारण त्या दिवशी हलगीवाल्याला ताप होता. कुणालाही कळलं नव्हतं. तिला कळलं. तयार लूप हजार जणांनी वापरलेला असतो. तो आपल्या गाण्यात असला की कंटेंट आयडीला ठसा देता येत नाही, कारण तो फक्त आपला नसतो. दिला तर जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या निरपराध माणसाच्या व्हिडिओवर आपला दावा लागतो. ‘एक तर खरी वाजवून आणा, नाहीतर ठसा देऊ नका.’ हलगीवाल्याला बोलावलं. त्यानं त्याच संध्याकाळी दुसरं कडवं वाजवलं आणि स्टुडिओतून निघताना विचारलं, ‘दादा, त्या फॉर्मात माझं बी नाव लिवलंय का?’

लिहिलं नव्हतं. आपण वाद्यवाल्याचं नाव लिहीतच नाही. कॅसेटवर कधी होतं का? ‘संगीत अमुक, स्वर तमुक, आणि साथीदार’. साथीदार!

तिनं रकाना उघडून दाखवला. वादकांसाठी वेगळा आहे, वाद्यासकट.

हे सगळं चालू असताना अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, ‘तुकोबा हुशार माणूस. नाव शेवटच्या चरणातच बांधून टाकलं. चोरणाऱ्याला पण गाताना तुका म्हणे म्हणावंच लागतंय.’ नामा म्हणे, एका जनार्दनी, सगळ्यांनी हेच केलं. मी तीस वर्षं अभंग वाजवतोय, ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. आणि सांगतोय कोण, तर ज्यानं ऐंशी-नव्वदच्या दशकात साठ आणि नव्वद मिनिटांच्या मोकळ्या कॅसेटींवर निम्म्या सोलापूरला दुसऱ्यांची गाणी भरून दिली तो माणूस. तसं बोलून दाखवलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला. ‘म्हणूनच सांगतोय की. नाव काढून टाकायला किती सोपं असतं ते मला विचारा.’

आता हे दुकान नेमकं करतं काय, तेही सांगतो, कारण गावात गैरसमज आहे की अण्णांची स्पॉटिफायमध्ये ओळख आहे. तसलं काही नाही. स्पॉटिफाय किंवा ॲपल एकट्या-दुकट्या कलाकाराकडून थेट गाणी घेत नाहीत. मध्ये वितरक लागतो. हे वितरक इंटरनेटवरच आहेत आणि कुणालाही खुले आहेत. सीडी बेबी त्यातली जुनी, १९९८ ची. म्हणजे आम्ही कॅसेटच्या कागदावर डोळे मिटून सही करत होतो त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत डेरेक सिव्हर्स नावाचा एक वादक स्वतःची सीडी स्वतः विकता यावी म्हणून ती उभी करत होता. मग २००६ मध्ये ट्यूनकोर, २०१३ मध्ये डिस्ट्रोकिड. कुणी वर्षाची वर्गणी घेतं आणि गाणी कितीही टाका म्हणतं, कुणी गाण्यामागे एकदाच पैसे घेऊन वर कमाईतला हिस्सा ठेवतं, राउटनोटसारखं कुणी सुरुवातीला काहीच घेत नाही आणि पंधरा टक्के कापतं. वर्गणीवाल्यात मेख अशी की वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात, कायम ठेवायची तर वेगळे पैसे. हप्ता चुकला की टीव्हीवाला टीव्ही उचलून न्यायचा, तसंच. पोरीनं दोन्हींचा हिशोब कागदावर मांडून दिला आणि म्हणाली, वर्षाला तीनपेक्षा कमी गाणी असतील तर टक्केवारीवाला परवडतो. बरोबर आहे, मी टॅलीत घालून तपासलं.

आणि मुद्दा हा की खातं ती तुमच्या ईमेलवर उघडते. पासवर्ड तुम्हाला टाकायला लावते आणि स्वतः खिडकीकडे तोंड फिरवते. बँक तुमची, पॅन तुमचा. चॅनेलवाले आणि अण्णा यांच्यात फरक फक्त हाच आहे, पण तो एवढा मोठा आहे.

प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा एक कोड मिळतो, आयएसआरसी. गाण्याचा आधार नंबर समजा. आपल्याकडे तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना देते, पण वितरकही फुकट देतो. आमचा वितरकाकडून आला आणि सुरुवात ‘क्यूझेड’नं, म्हणजे अमेरिकेच्या वाट्याचा. सिद्धेश्वराच्या गाण्याची नोंद अमेरिकेतली म्हणून गुरुजी दोन दिवस नाराज होते. त्यानं मालकी बदलत नाही, कोड कुणी वाटला एवढंच त्यातून कळतं. पण कोड जपून ठेवायचा. उद्या वितरक बदलला आणि तोच कोड दिला तर आतापर्यंतचे ऐकलेले आकडे गाण्याबरोबर येतात. ॲपचं काही खरं नाही. रेसो जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, विंक त्याच वर्षी. आमचं गाणं दोन्हीकडे चढवायचं म्हणून मी हट्ट धरला होता, आणि बघा.

ती जे करत नाही तेही सांगते, हे मला आवडलं. वितरक फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. शब्द आणि चाल यांचा वेगळा हक्क असतो आणि त्याची रॉयल्टी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था गोळा करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा त्या रॉयल्टीतला वाटा सहज लिहून घेता येत नाही. ‘ते आमच्याकडे होत नाही. गुरुजींना घेऊन या, फॉर्म कसा भरायचा ते दाखवते, पैसे नाही घेणार.’ गुरुजी अजून गेलेले नाहीत. ‘बघू’ म्हणतात. मराठी माणसाच्या ‘बघू’ची मुदत कुठल्या कलमात लिहिलेली नाही.

आता पैशाचं बोलू, सगळ्यांना तेच ऐकायचं असतं.

गाणं अकरा जानेवारीला लागलं. पहिल्या बारा महिन्यांत सगळ्या ॲपवर मिळून १४,३१२ वेळा ऐकलं गेलं. जमा : ७६३ रुपये. खर्च : रेकॉर्डिंग ९,०००, दुकान ७००, मुखपृष्ठ पुन्हा केल्याचे ३००. असा ताळेबंद चादरीच्या धंद्यात आणला असता तर मालकांनी मला कांडी मशीनवर बसवलं असतं. त्यातही पुढं आम्ही तीन भजनं टाकली होती, त्यांचं स्पॉटिफायवर शून्य. कारण २०२४ पासून त्यांचा नियम आहे, बारा महिन्यांत एक गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. भजन आठशेवर अडकलं की आठशे वेळा फुकट ऐकलं गेलं. हा नियम मला पटत नाही. कारखान्यात हजारपेक्षा कमी टॉवेल घेणाऱ्याला आम्ही फुकट देत नाही.

कराचा एक फॉर्म असतो, अमेरिकेचा, डब्ल्यू-८ बेन. तो भरला नाही तर तिकडच्या कमाईवर तीस टक्के कापतात, भरला आणि पॅन दिला तर भारत-अमेरिका कर-करारामुळं पंधरा. आमची तिकडची कमाई अकरा रुपये. तरी भरला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पण ताळेबंदात न बसणारं एक पान आहे. स्पॉटिफाय कलाकाराला दाखवतं की कुठल्या शहरात किती जण ऐकतात. मला वाटलं होतं पहिलं सोलापूर. पहिलं निघालं पुणे, सोलापूरच्या अडीचपट. मग सोलापूर, मग मुंबई, मग ठाण्याकडचं काय काय. बघताना आधी आश्चर्य वाटलं, मग वाटलं यात आश्चर्य कसलं, माझीच दोन्ही पोरं तिकडे आहेत. हुतात्मा एक्सप्रेस भरभरून जाते ती काय उगीच. अक्षतेच्या दिवशी आकडा एकदम चढला होता. इथली माणसं त्या वेळी संमती कट्ट्याजवळ होती, फोन खिशात. ऐकत होते ते हिंजवडीत नाहीतर हडपसरमध्ये बसलेले, ज्यांना रजा मिळाली नाही. त्यांच्यातल्याच एका मंडळानं गाणं ऐकून आम्हाला पुण्यात बोलावलं, एकदा नाही दोनदा. दोन्हींचे मिळून छत्तीस हजार. हे स्टेटमेंटवर येत नाही, पण आलंय कुठून ते मला ठाऊक आहे.

बँडकॅम्पवर टाका असं भाच्यानं सुचवलं होतं, तिथं ऐकणारा थेट कलाकाराला पैसे देतो आणि ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्केच ठेवतात. बाहेरच्या देशांतल्या कलाकारांना चांगलं असेल. आमचा श्रोता चटणीला पैसे देतो, भाकरीला देतो, गाण्याला देत नाही. त्याच्यावर राग नाही, त्याला तशी सवयच कुणी लावली नाही. अण्णांनी तर नाहीच नाही.

दुकानाच्या तक्रारीही आहेत. मुखपृष्ठ त्यांच्याकडून करून घेऊ नका. सगळ्याला तोच भगवा झगमगाट, मागून प्रकाशाचे किरण, अक्षरांना सोनेरी कडा. लावणी असो की अंगाई. दुसरं, पहिल्या वेळी मोठा घोटाळा झाला. आमच्या ग्रुपचं नाव ‘स्वर’ नाहीतर ‘सूर’नं सुरू होणाऱ्या त्या नावांपैकी एक आहे जी दर तालुक्याला सापडतात. फॉर्ममध्ये ‘आधीचं कलाकार-पान आहे का’ या प्रश्नाला घाईत चुकीचं पान जोडलं गेलं, आणि आमचा नंदीध्वज जाऊन पडला गुजरातेतल्या एका गरबा ग्रुपच्या पानावर. गरब्याच्या सहा गाण्यांखाली सातवं ‘हर्र बोला हर्र’. दुरुस्तीला बारा दिवस लागले, म्हणजे ऐन गड्ड्यात गाणं तिकडेच. चूक मुलीनं लगेच कबूल केली, सातशेतले तीनशे परत दिले. मी घेतले. तिसरं, ही माझी चूक पण त्यांनी पाटीवर लिहायला हवी : गाणं लागायच्या महिनाभर आधी जा. स्पॉटिफायच्या संपादकांना ऐकवायचं तर निदान आठवडाभर आधी फाइल पोचलेली लागते, आणि वितरकाकडेही दिवस जातात. दोन जानेवारीला येणाऱ्या माझ्यासारख्यांना अण्णा ‘लग्नाच्या दिवशी पत्रिका छापायला आलेले’ म्हणतात.

आणि वरचा पंखा. तो चालू केला की रेकॉर्डिंग ऐकू येत नाही, बंद केला की सोलापूरचा एप्रिल.

जाणाऱ्यांसाठी : पेन ड्राइव्ह, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक न्या. सगळ्या साथीदारांची पूर्ण नावं घरूनच लिहून न्या, म्हणजे माझ्यासारखे फोन करत बसावं लागणार नाही. गाण्यामागे सातशे, जुना दावा सोडवायचा असेल तर वेगळे. गाडी पार्क चौकात लावा, बोळात आणू नका.

आमचं पाचवं गाणं पुढच्या महिन्यात लागतंय. हलगीवाला मात्र नाराज आहे. परवा त्याला फोनवर गाण्याचं क्रेडिट उघडून दाखवलं, हलगी या शब्दापुढं त्याचं नाव, बरोबर स्पेलिंगसकट. त्यानं दोनदा बघितलं आणि म्हणाला, ‘हे कोण हाय?’ आधारवरचं नाव. गल्लीत, बँडमध्ये, सासरी त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. आईला दाखवलं तर ती पण विचारेल कोण म्हणून. शनिवारी तो स्वतः दुकानात जाऊन बदलून घेणार आहे. दोन ते चार जाऊ नको म्हणून सांगितलंय, अण्णा झोपतात.